निमगोरी

लग्नसराई आली की माझं डोकं फिरतं. हरभरा विकून झाला, पोरांचे पेपर संपले, की आमच्या वऱ्हाडात जो तो मांडव घालायला धावतो. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, डांबर चपलेला चिकटत असतं, आणि हे लोक सुटाबुटात आणि भरजरी शालूंत वाजतगाजत निघालेले. याच दिवसांत माझा फोन सकाळपासून वाजायला लागतो, कारण अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत मी नवऱ्या सजवते. फोनवर आधी एक बाई तारीख सांगते. मग घरातली दुसरी, वयानं मोठी बाई फोन हातात घेते आणि आवाज खाली आणून विचारते, पोरगी जराशी सावळी आहे, उजळ करून द्याल ना?

या 'जराशी'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पोरगी काही जराशी सावळी नसते. चांगली काळीसावळी असते, तिची आई असते तशी, आजी होती तशी, उन्हात उभं राहून बोलणारी ही बाई असते तशी. आमच्याकडची माणसं या रंगाचीच आहेत. पण लग्नाच्या बायोडाट्यात डोकावलं तर अख्ख्या जिल्ह्यात सावळी मुलगी औषधाला सापडायची नाही. वर्णाच्या रकान्यात सगळ्या निमगोऱ्या. निमगोरी म्हणजे अर्धी गोरी. उरलेली अर्धी कुठे ठेवली, हे कुणी विचारत नाही.

या वर्षी पहिला फोन अकोल्याहून आला. माझ्या मामेबहिणीची, कांचनची सासू बोलत होती. त्यांच्या मुलीचं, म्हणजे कांचनच्या नणंदेचं, स्वातीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे अचलपूरचे. "तुमच्या हाताले गुण हाये ताई," त्या म्हणाल्या, "पाहणीत दिसली होती ना, तशीच दिसली पायजे मांडवात." ही बाई हे मला सांगत होती. उद्या कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. मग कूलरसमोर बसले तरी अंगाची आग जाईना, आणि तो उन्हाळा सगळाच्या सगळा डोक्यात येऊन बसला.

तो उन्हाळा कांचनचा. तिचं गाव मूर्तिजापूरजवळ, मामाची शेती तिथं. शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायला ती आमच्याकडे अमरावतीला राहायला आली होती. साखरपुडा माघात झालेला, लग्न वैशाखात. सकाळी पेपर, दुपारी वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार ओली हवा, आणि ती पुस्तक छातीवर ठेवून झोपलेली. रंग चिंचोक्यासारखा, तसाच तुकतुकीत. तिच्या कपाळावरून ऊन घसरायचं. मी तेव्हा या धंद्यात नवी होते. घरात माझं कौतुक असं काही नव्हतं. बाबा वकील. कोर्टातून आले की काळा कोट खुंटीला लावता लावता विचारायचे, आज किती तोंडं रंगवली? वकिलाच्या पोरीनं लोकांची तोंडं रंगवावीत, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही.

माझे गुरू मला कधी भेटले नाहीत. ते फोनच्या पडद्यात होते. मोठमोठ्या फॅशन शोच्या पडद्यामागे काम करणारी माणसं. त्यांच्यातला एक जण मॉडेलच्या या कानापासून त्या कानापर्यंत निळा पट्टा ओढायचा आणि लांब जाऊन कमरेवर हात ठेवून बघायचा. बाबांनी एकदा ते पाहिलं आणि याच्यावर कोणतं कलम लागतं याचा विचार करत चहा प्यायले. पण माझा जीव होता एका म्हाताऱ्या बाईवर. परदेशातली, बारीक कापलेले पांढरे केस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, स्वतःच्या तोंडाला पावडरही नाही. तिच्यासमोर एक काळीभोर मुलगी बसलेली. आजूबाजूला पळापळ चाललेली, कुणी ओरडतंय, कुणी बूट शोधतंय, आणि ही बाई खुर्ची ओढून त्या मुलीकडे नुसती बघत बसली होती. पेटी उघडलेलीसुद्धा नाही. खूप वेळानं तिनं बोटावर तांब्याचा रंग घेतला, डोळ्यांच्या कोपऱ्यात टेकवला, ओठांना तेल लावलं आणि उठली. ती मुलगी पडद्याबाहेर गेली तेव्हा लोक तिच्याकडे असे बघायला लागले की मी फोन उचलून छातीशी धरला. मी ते इतक्या वेळा पाहिलं की आईनं विचारलं, ही बाई काही करते की नुसतीच बघते?

नुसती बघते, हेच तर तिचं करणं होतं. आमच्याकडे नवरीकडे कुणी बघत नाही. तपासतात.

मी कांचनला समोर बसवून बघायला लागले. आधी ती खूप हसायची. मग तिला सवय झाली आणि माझ्या लक्षात यायला लागलं, की तिच्या गालात काळ्याखाली लाल आहे, पापण्यांवर जांभळट सावली आहे, आणि हनुवटीखाली रंग जरा पिवळसर होतो. तिला शोभेल असा बेस, म्हणजे तोंडाला आधी लावायचा लेप, आणायला मी जवाहर रोडवरच्या दुकानात गेले. दुकानदारानं तीन बाटल्या मांडल्या, तिन्ही पिठूळ. याहून गडद दाखवा म्हटलं तर तो म्हणाला, असल्या कलरला इकडे गिऱ्हाईक नाही. माझ्या शेजारी कांचन उभी होती. पलीकडे बांगड्या बघणाऱ्या चार बायका उभ्या होत्या, एकही त्या बाटलीच्या रंगाची नव्हती. दुकानदार स्वतः तव्याच्या रंगाचा. मी त्याला म्हटलं, भाऊ, आरशाचा धंदा करता ना तुम्ही? तो बिचारा खरंच आरसे दाखवायला लागला.

शेवटी रंग मीच केला. डोळ्यांना लावायची तपकिरी भुकटी, लिपस्टिकचा एक तुकडा, थोडं खोबरेल, आणि त्या पिठूळ बाटलीतला अगदी थेंबभर. स्वयंपाकघरातल्या वाटीत घोटून घोटून तो रंग जमला, आणि ती वाटी आईनं नंतर कधी स्वयंपाकाला घेतली नाही. एका सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर मी कांचनला सजवलं. डोळ्यांत तांबं, कपाळाला कुंकवाचा मोठा टिळा, बाकी जवळजवळ काही नाही. तिनं आरसा हातात घेतला आणि किती तरी वेळ खाली ठेवला नाही. "हे मीच आहो ना वं?" तिनं विचारलं. आणि मग म्हणाली, लग्नात मला अशीच कर. मी हो म्हटलं. एवढंच. पण मला वाटतं माझ्या आयुष्यात मी दिलेला तो सगळ्यात मोठा शब्द होता.

मी हो म्हटलं तेव्हा तिनं मला पुढची गोष्ट सांगितली. पाहणीच्या दिवशी मामीनं, म्हणजे तिच्या आईनं, तिला मूर्तिजापूरच्या एका पार्लरमध्ये नेऊन दोन छटा उजळ करून आणलं होतं. पाहुणे संध्याकाळी आले, ट्यूबलाइटच्या उजेडात. साखरपुड्यालाही तसंच. मधल्या काळात मुलगा व्हिडिओ कॉल करायचा, तेव्हा मामी स्वतः फोनमधलं ते गोरं करणारं बटण दाबून मगच फोन तिच्या हातात द्यायची. तो भेटायला येतो म्हणाला तर ऊन आहे म्हणायची. थोडक्यात, ज्या मुलीशी त्या मुलाचं लग्न ठरलं होतं ती मुलगी अस्तित्वातच नव्हती. कांचनला रात्रंदिवस एकच धास्ती होती, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तोंड धुतल्यावर काय? तिला त्याच्यासमोर मांडवातच आपलं तोंड घेऊन उभं राहायचं होतं. मोडलं तर तिथंच मोडू दे म्हणाली.

फॅशनवाले म्हणतात, मेकअप म्हणजे खेळ, आज लावला, उद्या धुतला. त्यांचं बरं आहे. आमच्याकडे एकदा लावलेला रंग उतरवायची सोय नसते. पाहणीत लावला की साखरपुड्याला लावा, साखरपुड्याला लावला की लग्नात लावा, आणि मग सासरी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीघरात आरशासमोर उभं राहा. अशा दोघी-तिघी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांची पोरं शाळेत जायला लागली तरी त्या उठतात.

त्याच चैत्रात मुंबईचा एक मोठा आर्टिस्ट अमरावतीला शिकवायला आला. मोठ्या मासिकांची मुखपृष्ठं त्याच्या नावावर, त्यांवरच्या बऱ्याच मुली काळ्यासावळ्या, आणि त्याचे व्हिडिओ मी दोन वर्षं पाहत आले होते. बडनेरा रोडवरच्या हॉटेलात गारेगार हॉल, आणि अचलपूर, दर्यापूर, वलगावहून एसटीनं आलेल्या पार्लरवाल्या बायका, प्रत्येकीनं आपापली एक मॉडेल आणलेली. मी कांचनला नेलं. तो छान बोलला, खोटं कशाला सांगू. प्रत्येक कातडी सुंदर असते म्हणाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मॉडेल निवडायला रांगेतून फिरला आणि कांचनपाशी थांबला. तिची हनुवटी दोन बोटांत धरून तिचं तोंड दिव्याकडे फिरवलं आणि मनापासून वाहवा केली. ही एडिटोरियल स्किन आहे, मासिकात झळकणारी, असं सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं आता तो तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवणार. पण त्यानं हनुवटी सोडली आणि शेजारची गोरी मुलगी उचलली. आज ब्रायडल शिकवायचं आहे, म्हणाला.

मी उठले आणि सांगितलं, सर, हिचंसुद्धा लग्न आहे, पुढच्याच महिन्यात. हॉलमध्ये बायका हसल्या. त्या माझ्या शेजारच्या, माझ्याच रंगाच्या बायका हसल्या. तो मात्र हसला नाही, समजावल्यासारखं म्हणाला, "मॅगझिन में चलेगा मॅडम, मंडप में नहीं चलेगा. मार्केट समझिए."

मार्केट मला चांगलं समजतं. ज्या माणसाच्या बोलण्यावर मी दोन वर्षं जगले होते, त्यानं काळ्या मुलींच्या तोंडावर नाव कमावलं होतं आणि त्या पैशानं तो आम्हाला गोऱ्या नवऱ्या करायला शिकवत होता. त्या दिवसानंतर मी त्याचा एकही व्हिडिओ पाहिला नाही. परत येताना भर दुपार. रस्त्यावर सगळ्या पोरी स्कूटीवर, तोंडाला दुपट्टे गुंडाळून, फक्त डोळे उघडे. उन्हाळ्यात आमचं सगळं शहर असं बिनचेहऱ्याचं फिरतं. ऊन लागेल म्हणून पोरी दुपट्टा बांधतात असं बाहेरच्यांना वाटतं, आणि लागतंही. पण घरून निघताना आई ओरडते ती 'काळी पडशील' म्हणून. आम्हीही बांधले होते. मागून कांचनचा आवाज दुपट्ट्यातून आला. "मंग मासिकात पायजे अन् मांडवात नको, असं काय वं ताई?" मी गाडी चालवत राहिले.

लग्न अकोल्याला, मुलाकडच्यांच्या सोयीनं. आदल्या दिवशी सकाळीच आम्ही मंगल कार्यालयात पोचलो. अकोल्याचं ऊन अमरावतीच्या उन्हाचा थोरला भाऊ, त्यात कार्यालयावर पत्रे. दुपारी हळद होती. आमच्याकडे नवरदेवाला आधी हळद लागते आणि त्याची उष्टी हळद घेऊन त्याच्या घरच्या बायका नवरीकडे येतात. म्हणजे त्या येणार, आणि हळदीला बसलेल्या नवरीचं तोंड धुतलेलं, कोरं असणार. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कांचनला तर त्यातच सुटका वाटत होती. पण मामीनं यावर तोड काढली होती, आणि ती तोड फक्त आमच्याच लोकांना सुचू शकते. मी कूलरमध्ये पाणी भरायला माणूस शोधायला गेले तेवढ्यात तिनं खोलीत कांचनच्या तोंडाला, मानेला, हातांना त्या पार्लरवालीकडची पिठूळ ट्यूब फासली. हळदीच्या खाली बेस. मी परत आले तोवर पोरगी पाटावर बसलेली होती, तांदळाच्या पिठात बुडवून काढल्यासारखी, आणि दारात वाजंत्री.

बायकांनी आंब्याच्या पानांनी हळद लावायला सुरुवात केली, गाणी सुरू झाली, आणि लाइट गेली. पंखे थांबले. पत्र्याखाली चाळीस-पन्नास बायका, आणि मध्ये ती. पाचेक मिनिटांत तिच्या कपाळावरून घाम निघाला आणि हळद, बेस, घाम यांचा एक लगदा गळ्याकडे सरकायला लागला. गालावर त्याच्या खपल्या झाल्या. खपल्यांच्या फटींतून तिचा खरा रंग दिसायला लागला. एकेक गाणारी गप्प होत गेली.

नवरदेवाची आत्या पुढे झाली. अंगानं भरलेली, सगळ्या घरावर जिचा वचक असावा अशी बाई. तिनं ताटातला ओला नॅपकिन उचलला आणि कांचनच्या कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश पुसत आणला. भांडं चांदीचं आहे की नुसती कल्हई, हे बघावं तसं. नॅपकिन उजेडात धरून पाहिला.

"पाह्यली थे ही नाई, बाई," ती म्हणाली.

मामी भिंतीला टेकून उभी होती. नवरदेवाची आई पदराशी चाळा करत होती, आणि तिच्या शेजारी स्वाती, तेव्हा शाळकरी पोर, हातात पानांचं ताट धरून डोळे फाडून बघत होती. मला वाटलं कांचन आता कोसळणार. ती रडली नाही. तिनं आत्याच्या हातातून नॅपकिन घेतला आणि आपला दुसरा गाल स्वतः पुसला. खसाखसा. मग नॅपकिन परत आत्याच्या हातात ठेवला.

"घ्या. हे बी पाहून घ्या."

त्यानंतर पुरुषांची बैठक बसली. आत सरबतं गेली. मी दाराशी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं भांडण होईल, आणि खरं सांगते, व्हावं असं मला वाटत होतं. झालं ते भांडणाहून वाईट. सगळे समजूतदारपणे वागले. नवरदेवाचे वडील हात जोडून म्हणाले की लग्न मोडणं कुणाच्याच घराण्याला शोभत नाही, आम्हाला मुलगी आहे तशी पसंत आहे, फक्त उद्या पाहुण्यांसमोर ती पाहणीत दिसली होती तशी दिसावी. आमची एवढीच विनंती. मामानं त्यांचे पाय धरले. म्हणजे आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी सगळ्यांनी मिळून तीच थाप मांडवात उभी करायची ठरवलं होतं. आधी ती एकट्या मामीची होती, आता दोन्ही घरांची झाली. नवरदेव कोपऱ्यात बसून मोबाइल बघत होता. त्याचं लग्न होतं.

मामी माझ्याकडे आली आणि माझे हात धरले. सगळं आता माझ्याच हातात आहे म्हणाली. मी तिला नको ते बोलले. तुमच्या रंगाची पोर तुम्हाला झाली तर एवढी लाज का वाटते, असं तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "माह्या लग्नात लोकं मांडवात हसले होते, पोरी. तिच्यावर हसू नाई म्हनून केलं." मला तिची कीव आली, पण राग जाईना. फक्त तो नेमका कुणावर काढावा, हे कळेनासं झालं.

कांचनला मी सांगितलं, तू नाही म्हण, मी आत्ताच्या आत्ता तुला अमरावतीला नेते. ती पाय पोटाशी घेऊन गादीवर बसली होती, कानामागे अजून हळद. म्हणाली की उद्या दुसरा कोणी पाहायला येईल, त्याचीही एखादी आत्या असेलच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लग्न करीन. पण तोंड माह्यंच राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीची कडी आतून लावली. पेटी उघडली नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि बघत राहिले. बाहेर वरातीचा बँड, पळापळ, कुणी ओरडतंय, कुणी हार शोधतंय. कपाळावर हळदीची झाक होती, गालांवर कालच्या खसाखसा पुसण्याची लाली अजून उतरली नव्हती, आणि ती लाली मी झाकली नाही. माझ्या वाटीतला रंग लावला. डोळ्यांत तांबं, कपाळाला कुंकू, मुंडावळ्या, हिरवा चुडा. मामीनं दार वाजवलं. मग कांचनच्या सासूनं. मग फोटोवाल्यानं. आम्ही झालंच, झालंच म्हणत राहिलो. भटजी 'मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे' असं माइकवरून दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा कडी काढली. आता पुसायला कुणाला वेळ नव्हता.

ती चालत गेली. मी त्या बाईला, त्या परदेशातल्या म्हातारीला, मनात म्हटलं, बघ. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला विचारू नका, मी कांचनकडे बघत होते. आत्या हातातल्या अक्षता टाकायला विसरली, एवढं आठवतं. पाहुण्यांचं म्हणाल, तर कुणीही जेवण टाकून उठलं नाही. बुंदी वाढली गेली, मठ्ठ्याचं दुसरं पातेलं आलं, आणि वांग्याची भाजी तिखट झाली एवढीच काय ती तक्रार कानावर आली.

आम्ही जिंकलो असं मला वाटलं होतं. दिवाळीला कांचनकडे गेले तेव्हा तिनं लग्नाचा अल्बम माझ्यापुढे ठेवला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती गोरी होती. पिठूळ, सपाट, डोळ्यांतलं तांबं गेलेलं, मेंदी पुसट झालेली. सासूबाईंनी फोटोवाल्याला सांगून सगळ्या फोटोंत तिला उजळून घेतलं होतं. माझी कडी त्यांनी संगणकावर काढली. मी पानं उलटत गेले. हाताशी पाणी असतं तर मी तो अल्बम त्यात बुडवला असता. वरमाला घालतानाच्या एका फोटोत मात्र फोटोवाल्याचं लक्ष चुकलं होतं. हार धरलेला एक हात तसाच राहून गेला होता, चिंचोक्याच्या रंगाचा.

आता कांचनला मुलगी आहे. आईसारखीच तुकतुकीत. मागच्या दिवाळीत तिनं कपाटातून तो अल्बम ओढून काढला आणि विचारलं, आई, ही कोण? कांचन पोळ्या लाटत होती. ती लाटणं न थांबवता म्हणाली, "तुह्या बाबाची बायको." मग पिठाच्या हातानं तिनं पान उलटलं आणि वरमालेच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा हात माहा."

तर त्या सासूबाईंचा मला फोन. आता त्या नवऱ्या मुलीची आई झाल्या आहेत. आता त्यांची पोर पाटावर बसणार आहे आणि उष्टी हळद अचलपूरहून येणार आहे. पाहणीत दिसली तशीच दिसली पायजे म्हणतात. ज्या बाईनं तो नॅपकिन डोळ्यांनी पाहिला ती हे म्हणते. माणसं शिकत कशी नाहीत, याचा मला इतका संताप येतो की मी नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. मी काय तुमच्या खोट्याची कल्हईवाली आहे?

फोन उचलला, तेवढ्यात तो वाजला. कांचन होती. मागून मिक्सरचा आवाज येत होता. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. स्वाती रात्री तिच्या खोलीत आली होती म्हणाली. आईचं ऐकू नका, वहिनी, तुमचं केलं होतं तसं माझं करायला सांगा, असं म्हणाली आणि रडली. त्या दिवशी पानांचं ताट धरून उभी होती ना ती, सगळं लक्षात आहे तिच्या.

मी म्हटलं, तुझी सासू? तुझी आत्तेसासू? मला आत तरी सोडतील का?

मिक्सर बंद झाला. दारामागून कुणी तरी काही तरी विचारलं, त्याला तिनं आलेच म्हणून उत्तर दिलं. मग फोनवर आवाज खाली न आणता म्हणाली, "तू तुही वाटी घेऊन ये. या टायमाले कडी मी लावीन."